मातीची परीक्षा

चांगला वैद्य रोग्याची नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही. सोनार कसोटीवर घासून पाहिल्यावाचून सोने विकत घेत नाही. बैल घ्यावयाचा झाला, तर शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, त्याला दहा पावले चालवून पाहतो आणि मगच पैसे मोजतो. परंतु ज्या जमिनीवर त्याचा सारा संसार उभा असतो, त्या जमिनीची परीक्षा मात्र पुष्कळदा केलीच जात नाही. शेजाऱ्याने अमुक खत घातले म्हणून आपणही घालावे, मागल्या वर्षी दोन पोती टाकली म्हणून यंदा तीन टाकावी, असा हिशेब चालतो. मग पीक साधले तर दैव, आणि बुडाले तरीही दैवच! मातीची परीक्षा हा या अंधारातील दिवा आहे. ती कशासाठी करावयाची आणि कशी करावयाची, हे समजून घेण्यास अहमदनगर जिल्ह्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

माती म्हणजे निर्जीव धूळ नव्हे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरला आणि थिजून त्याचा काळा कातळ बनला. ऊन, वारा आणि पाऊस यांनी तो कातळ युगानुयुगे झिजविला. त्याच्या चुऱ्यात झाडांचा पाला कुजला, मुळे शिरली, गांडुळे वावरली, डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव नांदू लागले; तेव्हा कुठे त्या चुऱ्याची माती झाली. बोटाच्या एका पेराइतका थर तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. म्हणूनच शेतकऱ्याने तिला 'काळी आई' म्हटले, त्यात अतिशयोक्ती नाही.

अहमदनगर जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर असे झाले. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या रांगा असून १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर तेथेच आहे. त्या बाजूस पाऊस धो धो कोसळतो. परंतु जसजसे पूर्वेकडे जावे, तसतसा पाऊस रोडावत जातो. कारण ढगांचे पाणी सह्याद्रीच अडवून घेतो. जमिनीतही असाच पालट दिसतो. डोंगराकडे तांबूस माती आढळते. पारनेर, पाथर्डी, जामखेड या भागांत माळावरची उथळ, मुरमाड जमीन पुष्कळ. तर गोदावरी आणि प्रवरा यांच्या खोऱ्यांत कोपरगाव, श्रीरामपूर, नेवासे या बाजूस खोल काळी जमीन लागते. ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला इतक्या रुंद भेगा पडतात की, त्यांत हात सहज जावा.

आपल्या शेतकऱ्यांना हा भेद ठाऊक नव्हता, असे नाही. हलकी, मध्यम, भारी, बरड, मुरमाड, चुनखडीची, चोपण ही नावे त्यांनीच दिली. मातीचा रंग पाहून, ढेकूळ हातात चुरून, शेतात कोणते तण माजते हे पाहून ते जमिनीची पारख करीत आले आहेत. ही पारख मोलाची आहे. परंतु तिलाही एक मर्यादा आहे. मातीत जस्त कमी आहे की लोह, हे डोळ्यांना दिसत नाही. पाण्याबरोबर वर येणारा क्षारही पांढरा थर धरीपर्यंत दिसत नाही, आणि तो दिसू लागतो तेव्हा पुष्कळ उशीर झालेला असतो. या उशिराची किंमत काय असते, हे दख्खनच्या कालव्यांच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

अहमदनगर जिल्हा पूर्वापार दुष्काळाने गांजलेला होता. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाची झळ या भागाला फार बसली. पुढे अकोले तालुक्यात भंडारदरा येथे प्रवरा नदीवर दगडी धरण बांधण्यात आले. ते १९२६ साली पूर्ण झाले. त्याचे पाणी डाव्या आणि उजव्या कालव्यांनी खाली आले आणि जेथे बाजरीचे पीकही बेभरवशाचे होते, तेथे उसाचे हिरवे मळे डोलू लागले. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगर येथे शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांना एकत्र आणले आणि थोर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी त्यांना मार्गदर्शन केले. पाण्याने या भागाचे रूप पालटले, यात शंका नाही.

तथापि, पाणी हे दुधारी शस्त्र आहे. पाणी आले, तेव्हा अनेकांची अशी समजूत झाली की, जितके पाणी अधिक तितका ऊस अधिक. भारी काळ्या जमिनीत पाण्याचा निचरा सावकाश होतो. दिलेले जादा पाणी खाली मुरून साठू लागले आणि भूमीखालच्या पाण्याची पातळी वर्षावर्षाने वर चढू लागली. मातीच्या पोटात थोडेफार क्षार असतातच. ते या पाण्यात विरघळले. दिव्याच्या वातीतून तेल वर चढावे, तसे हे खारे पाणी मातीच्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढले. उन्हाने पाण्याची वाफ झाली आणि क्षार तेवढे मागे राहिले. प्रथम पिकात येथे तेथे टकले पडली, मग उन्हाळ्यात जमिनीवर पांढरी बुरशी आल्यासारखा थर दिसू लागला, आणि शेवटी ज्या शेताने घर भरले, त्याच शेतात गवताची काडी उगवेनाशी झाली. नीरा आणि प्रवरा यांच्या कालव्यांखाली कितीतरी सुपीक जमीन अशा रीतीने आजारी पडली.

या आजाराचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद ओळखणे, हेच मातीच्या परीक्षेचे पहिले मोठे काम होय. पहिल्या प्रकारच्या जमिनीत विरघळणारे क्षार फार झालेले असतात. तिला खारवट जमीन म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सोडियम नावाचे द्रव्य मातीच्या कणांना घट्ट चिकटून बसते. तिला चोपण जमीन म्हणतात. चोपण माती ओली असता लोण्यासारखी चिकट होते, वाळली की दगडासारखी टणक होते, आणि पाणी तिच्यात मुरतच नाही. ते वर तळ्यासारखे साचून राहते. दोन्ही जमिनींत पीक येत नाही. म्हणून वरवर पाहणाऱ्यास दोन्ही सारख्याच वाटतात. परंतु त्यांची औषधे निरनिराळी आहेत. खारवट जमिनीत चर खणून निचऱ्याची सोय केली आणि गोडे पाणी भरपूर दिले, की क्षार धुपून निघून जातात. चोपण जमिनीस हा उपाय लागू पडत नाही. तिच्यात आधी जिप्सम मिसळावे लागते. जिप्सममधील चुन्याचा अंश सोडियमला मातीच्या कणांपासून हुसकून लावतो आणि मग पाण्याने तो सोडियम चरांवाटे बाहेर काढता येतो. काही जमिनींत हे दोन्ही रोग एकत्र असतात. अशा जमिनीस जिप्सम न देता केवळ पाण्याने धुतले, तर क्षार निघून जातात, पण सोडियम मागे राहतो आणि जमीन पूर्वीपेक्षाही चोपण बनते. म्हणजे उपचार करावयास जावे आणि रोग वाढवून ठेवावा, असे होते! कोणत्या जमिनीस काय झाले आहे, हे केवळ परीक्षाच सांगू शकते.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रात फार पूर्वीच सुरू झाला. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी आपले सहकारी ताम्हाणे यांच्यासह नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींचा अभ्यास केला आणि तो १९१० साली प्रसिद्ध केला. पुढे १९३२ साली सातारा जिल्ह्यात पाडेगाव येथे ऊस संशोधन केंद्र निघाले. तेथील शास्त्रज्ञ बसू आणि त्यांचे सहकारी यांनी नीरेच्या उजव्या कालव्याखालील आणि प्रवरेच्या कालव्यांखालील जमिनींची पाहणी केली. त्यांनी केवळ वरची माती पाहिली नाही. खोल खड्डे घेऊन मातीचे थर एकाखाली एक कसे रचलेले आहेत, हे पाहिले आणि त्यावरून जमिनींचे निरनिराळे वर्ग पाडले. १९३८ साली त्यांचे हे संशोधन प्रसिद्ध झाले. कोणत्या जमिनीस किती पाणी मानवते आणि कोणती जमीन लवकर बिघडते, हे मातीचा वर्ग पाहून सांगता येते, असे त्या अभ्यासाने दाखविले.

मातीच्या परीक्षेचे दुसरे मोठे काम म्हणजे पिकाच्या अन्नाचा हिशेब. वनस्पतीस वाढीसाठी एकूण सतरा मूलद्रव्ये लागतात. त्यांतील कर्ब, प्राणवायू आणि उज्ज ही हवेतून आणि पाण्यातून मिळतात. उरलेली चौदा मुख्यतः मातीतून मिळवावी लागतात. नत्र, स्फुरद आणि पालाश ही त्यांतील प्रमुख अन्ने होत. नत्राने पाने हिरवीगार होतात व वाढ जोमाने होते. स्फुरदाने मुळे बळावतात व दाणा भरण्यास साहाय्य होते. पालाशाने पिकास काटकपणा येतो. गंधक, चुना आणि मॅग्नेशियम ही त्यांखालोखाल लागतात. जस्त, लोह, मंगल, तांबे, बोरॉन अशी काही द्रव्ये अत्यल्प लागतात. परंतु ती अल्प लागतात म्हणून त्यांच्यावाचून चालते, असे नाही.

ही गोष्ट एका साध्या दृष्टांताने पटते. एकोणिसाव्या शतकातील जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग याने असा सिद्धांत मांडला की, जे अन्न सर्वांत कमी पडते, त्यावरच पिकाची वाढ अवलंबून राहते. लाकडी फळ्यांचे एक पिंप आहे आणि त्याच्या फळ्या कमीअधिक उंचीच्या आहेत, अशी कल्पना करावी. त्या पिंपात पाणी किती राहील? सर्वांत आखूड फळीच्या उंचीइतकेच. इतर फळ्या कितीही वाढविल्या, तरी पाणी त्या आखूड फळीवरून वाहून जाणार. शेतात जस्ताची फळी आखूड असेल, तर नत्राची पोती ओतून उपयोग काय? चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकास ते घेता येत नाही. तेव्हा उसाची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी म्हणतात, 'उसावर केवडा पडला.' खत कमी पडले असे समजून अधिक युरिया दिल्याने हा केवडा जात नाही. आखूड फळी कोणती, हे आधी शोधावे लागते.

ही परीक्षा प्रयोगशाळेत होते हे खरे; परंतु तिचा अर्धा भाग शेतातच पार पडतो. तो भाग म्हणजे मातीचा नमुना घेणे. एक हेक्टर शेतातील वरच्या वीतभर थरात सुमारे २२ लाख किलो माती असते. प्रयोगशाळेत पाठवावयाची माती अवघी अर्धा किलो! म्हणजे या मातीचा प्रत्येक कण आपल्या ४४ लाख भावंडांच्या वतीने साक्ष देण्यास जातो. साक्षीदारच खोटा निवडला, तर न्यायाधीश कितीही शहाणा असला तरी निवाडा चुकणारच. म्हणून नमुना अत्यंत काळजीपूर्वक घ्यावा लागतो.

पीक निघाल्यावर आणि पुढच्या पिकास खत देण्यापूर्वी नमुना घेणे उत्तम. शेताचे प्रथम रंग, उतार, खोली आणि पूर्वीचे पीक यांवरून भाग पाडावे. काळ्या भागाची माती मुरमाड भागात मिसळू नये. तसे केल्यास उत्तर दोहोंचेही येत नाही. मग एका भागात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणे निवडावी. बांधाजवळची, झाडाखालची, विहिरीजवळची, जनावरे बसण्याच्या जागेची, खताचे ढीग असलेल्या जागेची आणि पाणी साचणाऱ्या जागेची माती घेऊ नये. निवडलेल्या जागेवरचा पालापाचोळा बाजूस सारून इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा, वीतभर खोल खड्डा घ्यावा. त्यातील माती काढून टाकून खड्ड्याच्या एका बाजूची दोन बोटे जाडीची चकती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्यावी. जस्त, लोह यांसारखी सूक्ष्म द्रव्ये तपासावयाची असतील, तर गंजलेले किंवा जस्ताचा मुलामा दिलेले अवजार न वापरता लाकडी अथवा प्लॅस्टिकचे साधन घ्यावे. नाही तर अवजाराचीच परीक्षा होऊन बसेल.

सर्व ठिकाणची माती स्वच्छ कापडावर एकत्र करावी, खडे आणि मुळे वेचून काढावी आणि ती चांगली मिसळावी. मग तिचा गोल ढीग करून त्याचे भाकरीच्या चतकोरांसारखे चार भाग करावे. समोरासमोरचे दोन भाग टाकून द्यावे, उरलेले दोन पुन्हा मिसळावे. अर्धा किलो माती उरेपर्यंत असेच करीत जावे. ही माती सावलीत वाळवावी, कडक उन्हात नव्हे. नंतर ती स्वच्छ कापडी पिशवीत भरावी. खताच्या रिकाम्या पोत्यात ती कधीही भरू नये. पिशवीबरोबर एक चिठ्ठी ठेवावी. तिच्यावर शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, शेताचा गट क्रमांक, नमुन्याची तारीख, जमीन बागायती की जिरायती, मागचे पीक कोणते व पुढे कोणते घ्यावयाचे आहे, ही माहिती लिहावी. फळबाग लावावयाची असेल, तर मात्र वीतभर खोली पुरत नाही. झाडांची मुळे खोल जातात. म्हणून तीन फूट खड्डा घेऊन प्रत्येक फुटाच्या थराचा नमुना वेगळा काढावा लागतो.

आता त्या पिशवीबरोबर प्रयोगशाळेत काय घडते, ते पाहू. तेथे माती लाकडी खलात कुटून बारीक चाळणीने चाळतात. मग वीस ग्रॅम माती पन्नास घनसेंटिमीटर शुद्ध पाण्यात ढवळून तिचा 'सामू' मोजतात. सामू म्हणजे आम्लता आणि विम्लता मोजण्याचे माप. १९०९ साली सोरेन्सन या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञाने ते तयार केले. ७ हा त्याचा मध्यबिंदू. त्याहून कमी सामू असलेली माती आम्ल, तर अधिक असलेली विम्ल. बहुतेक पिकांस साडेसहा ते साडेसात हा सामू मानवतो. तो साडेआठाच्या वर गेला, तर जमीन चोपण होत असल्याचा इशारा समजावा. त्याच पाण्यातून विजेचा प्रवाह किती सहज जातो, हे दुसऱ्या यंत्राने पाहतात. पाण्यात क्षार जितके अधिक, तितकी वीज सुलभतेने वाहते. त्यावरून मातीतील क्षारांचे प्रमाण कळते. ज्या दोन रोगांना डोळे फसतात, ते या दोन यंत्रांपुढे लपत नाहीत.

यानंतर मातीतील सेंद्रिय कर्ब मोजतात. सेंद्रिय कर्ब म्हणजे कुजलेल्या पाल्याचा व शेणखताचा मातीत उरलेला अंश. त्यासाठी एखादा ग्रॅम मातीत नारिंगी रंगाचे एक द्रावण आणि तीव्र आम्ल घालतात. कर्ब अधिक असेल, तर नारिंगी रंग हिरवट होत जातो. महाराष्ट्रात सेंद्रिय कर्ब ०.४० टक्क्यांहून कमी असल्यास तो कमी समजतात. स्फुरदासाठी मातीच्या अर्कात निळा रंग आणतात. निळाई जितकी गडद, तितका स्फुरद अधिक. पालाशाचा अर्क ज्योतीत फवारला की ज्योतीस विशिष्ट जांभळट छटा येते आणि यंत्र ती छटा मोजून पालाशाचे प्रमाण सांगते. अशा प्रकारे रंग, ज्योत आणि वीज यांच्या भाषेत मुकी माती बोलू लागते.

प्रयोगशाळेचा अहवाल हाती आला, की त्याचा उपयोग करावयाचा तो असा. सुरू हंगामातील उसासाठी कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद आणि ११५ किलो पालाश अशी आहे. ही शिफारस मध्यम प्रतीच्या जमिनीसाठी असते. समजा, एका शेताच्या अहवालात नत्र कमी आणि पालाश जास्त आढळला. तर नत्र पाव हिश्श्याने वाढवावा आणि पालाश पाव हिश्श्याने घटवावा, अशी रीत आहे. म्हणजे पालाश ११५ ऐवजी सुमारे ८६ किलो पुरे. म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या १०० किलोंत ६० किलो पालाश असतो. या हिशेबाने १९२ किलोंच्या जागी १४४ किलो खत लागेल. हेक्टरी ४८ किलो, म्हणजे जवळजवळ एक पोते खत वाचले! आणि जेथे खरोखर उणीव होती, तेथे नत्र पुरेसा मिळाला. परीक्षेमुळे खत नेहमी कमीच होते, असे नाही. ते योग्य जागी जाते.

वाजवीपेक्षा जास्त खत घातल्याने पैसा तर वाया जातोच, पण आणखीही हानी होते. नत्र फार झाला, तर पाने काळपट हिरवी दिसतात, ऊस मऊ होऊन लोळतो, त्यावर कीड सहज पडते आणि रसातील साखर घटते. पिकाने न घेतलेला नत्र पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरीत उतरतो. म्हणजे एका शेतातील अतिरेक साऱ्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचतो.

मातीच्या परीक्षेची सोय आपल्या देशात स्वातंत्र्यानंतर सर्वांसाठी होऊ लागली. १९५५-५६ साली देशात शेतकऱ्यांसाठी मृद चाचणी प्रयोगशाळा काढण्याचे काम हाती घेण्यात आले. १९६८ साली स्थापन झालेले आणि राहुरी येथे असलेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ हे अहमदनगर जिल्ह्याचे भूषण होय. माती तपासून आणि अपेक्षित उत्पादन ठरवून कोणत्या पिकास नेमके किती खत द्यावे, याची सूत्रे तेथील शास्त्रज्ञांनी शेतात प्रयोग करून बसविली आहेत. २०१५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय मृदा वर्ष म्हणून पाळले. त्याच वर्षी १९ फेब्रुवारी रोजी राजस्थानातील सुरतगड येथून मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. या पत्रिकेवर मातीच्या बारा गुणांची नोंद असते. आजाऱ्याच्या खाटेशी तापाचा तक्ता टांगलेला असतो, तशीच ही जमिनीच्या प्रकृतीची नोंद होय. मात्र या योजनेत बागायती भागात अडीच हेक्टरांस एक आणि जिरायती भागात दहा हेक्टरांस एक असा नमुना घ्यावयाचे ठरले होते. लहान शेताच्या मालकास अशा पत्रिकेवरून आपल्या परिसराची साधारण प्रकृती कळते. आपल्याच शेताचे नेमके दुखणे जाणावयाचे, तर स्वतःच्या शेताचा स्वतंत्र नमुना तपासून घेणे श्रेयस्कर.

परीक्षा म्हणजे उपचार नव्हे, हेही विसरता कामा नये. अहवाल पेटीत ठेवून जमीन सुधारत नाही. कर्ब कमी असेल, तर शेणखत, कंपोस्ट घालावे लागते. ताग किंवा धैंचा पेरून तो फुलावर येताच जमिनीत गाडावा लागतो. उसाचे पाचट न जाळता शेतातच कुजवावे लागते. क्षार वाढत असतील, तर पाणी मोजून द्यावे लागते आणि निचऱ्याचे चर खणावे लागतात. आणि हा चर एकट्याच्या शेतात खणून भागत नाही. त्यातील पाणी शेजाऱ्याच्या शेतातून ओढ्याला जावयाचे असते. तेव्हा जमिनीचे आरोग्य राखणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिळून करावयाचे काम ठरते. दर दोन-तीन वर्षांनी परीक्षा पुन्हा करून पाहिली, म्हणजे आपले उपाय लागू पडत आहेत की नाही, हेही कळते.

शेतजमिनीचा सातबारा बापाकडून मुलाकडे येतो. त्यावर क्षेत्र किती, मालक कोण, पीक कोणते, हे सारे लिहिलेले असते. परंतु जमीन सुदृढ आहे की रोगी, हे त्यावर लिहिलेले नसते. क्षेत्र तेवढेच राहूनही जमीन हातची जाऊ शकते, हे कालव्याकाठच्या पांढऱ्या पडलेल्या शेतांनी सांगितले आहे. ज्याने ती मिळाली त्याहून निकस न करता पुढच्या पिढीच्या हाती दिली, त्यानेच तिचा खरा सांभाळ केला. शेतकऱ्याची मेहनत आणि शास्त्राची नजर यांची जोड मिळाली, तर हा सांभाळ अवघड नाही. आणि त्याची सुरुवात अर्ध्या किलो मातीपासून होते.

स्वाध्याय

१. अहमदनगर जिल्ह्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना पाऊस आणि जमीन यांत कोणता पालट दिसतो?

२. कालव्याच्या पाण्याने सुपीक जमीन खारवट कशी होते, ते पायरीपायरीने सांगा.

३. खारवट आणि चोपण जमिनींचे उपचार वेगळे का असतात?

४. 'शेतात जस्ताची फळी आखूड असेल, तर नत्राची पोती ओतून उपयोग काय?' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

५. मातीचा नमुना कोणकोणत्या ठिकाणांहून घेऊ नये? प्रत्येकाचे कारण विचार करून सांगा.

६. एका शेतासाठी हेक्टरी ११५ किलो पालाशाची शिफारस आहे. अहवालानुसार तो पाव हिश्श्याने वाढवावयाचा झाला, तर म्युरेट ऑफ पोटॅश किती किलो लागेल, ते काढा.

उपक्रम : शाळेच्या आवारातील किंवा जवळच्या शेतातील मातीचा नमुना गुरुजींच्या मार्गदर्शनाखाली पाठात सांगितलेल्या रीतीने घ्या. गावातील वडीलधाऱ्यांना भेटून तुमच्या शिवारातील निरनिराळ्या जमिनींना कोणती नावे आहेत, त्यांची यादी करा.